‘थँक्यू म्हण’ न म्हणता : ३ ते ५ वर्षांच्या मुलांना कृतज्ञता शिकवायची तर

लिफ्टमध्ये शेजारच्या काकू मुलाला चॉकलेट देतात. मूल आईच्या ओढणीत तोंड लपवतं. आई खांद्याला हलकेच ढोसते, “थँक्यू म्हण. म्हण ना. घरी तर किती बोलतोस!” चौथा मजला येईपर्यंत हे चालतं. शेवटी मूल एक पुटपुटता ‘त्यू’ सोडतं आणि सगळे सुटतात. मी माझ्या मुलीबरोबर हे दोन वर्षं केलं. पुढे आमच्या नेरुळच्या सोसायटीत दर शनिवारी लहान मुलांची बैठक सुरू केली तेव्हा पहिल्या दिवशी दहा मुलांना समोर बसवून ‘आपण सगळ्यांचे आभार का मानायचे’ यावर छान बोलले. सातव्या मिनिटाला तीन मुलं सतरंजीखाली होती आणि एक हॉलबाहेर.

तेव्हापासून चुकत चुकत जे जमलं ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. बालवाडीत नव्याने लागलेल्या ताई, घरच्या घरी करून बघू इच्छिणारे आईबाबा, नातवंडांना सांभाळणारे आजीआजोबा अशा सगळ्यांसाठी. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे : या वयाच्या मुलाला कृतज्ञता अंगाने कळते. आधी वजन उचलायचं, मग गोष्ट ऐकायची आणि शब्द सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलट करतो.

आधी जमवायच्या गोष्टी

वस्तू :
- दोन घमेली, एक लहान माठ किंवा कळशी, मुलांइतक्या स्टीलच्या वाट्या
- जुनी सुती ओढणी, दोन पंचे, फरशी पुसायचं फडकं
- सतरंजी
- एक डफ किंवा डफली. नसेल तर उलटा डबाही चालतो
- रिकामी पिठाची पिशवी, तिच्यात दोन-तीन किलो तांदूळ भरून तोंड घट्ट शिवलेलं
- रद्दी वर्तमानपत्रं

कागद :
- हॉलसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना दिलेला अर्ज आणि त्यावर त्यांची सही
- प्रत्येक पालकाकडून एक चिठ्ठी : मुलाला कशाची ॲलर्जी आहे, न्यायला कोण येणार, फोन कोणाला करायचा, फोटो काढलेला चालेल का

यादीत विकत आणायचं जवळजवळ काही नाही, हे मुद्दाम. ‘मूल्यशिक्षण किट’ नावाचे रंगीत खोके मिळतात, मीही एक घेतला होता. मुलांना त्यातला सगळ्यात जास्त आवडला तो खोका. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आणि त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथलं शिक्षणसाहित्य म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. बोर्डी-कोसबाड तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. म्हणजे ही आपल्याच घरची पद्धत आहे.

१. वय ओळखून अपेक्षा ठेवा

तीन वर्षांच्या मुलाला ‘काकूंनी माझ्यासाठी आठवणीने चॉकलेट आणलं’ हे कळत नाही. त्याला चॉकलेट दिसतं. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चाललेलं असतं हे बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. म्हणून तीन वर्षांच्या मुलाने आभार मानले नाहीत तर ते उद्धट नाही, त्याच्या डोक्यात ती खोली अजून बांधली गेलेली नाही.

माझा ढोबळ हिशेब असा. तिनाच्या मुलाने ‘कोणी दिलं?’ याचं उत्तर दिलं की पुरे. चाराच्या मुलाने ‘त्यासाठी त्यांनी काय केलं?’ हे सांगावं. पाचाचं मूल ‘मग मी काय करू?’ इथपर्यंत येतं, कधी कधी. एकाच बैठकीत तिन्ही वयं असतील तर प्रश्न तोच ठेवा आणि उत्तर ज्याचं त्याच्या उंचीचं स्वीकारा.

मुलं आठ ते दहा, मोठी माणसं किमान दोन. एकटीने बारा मुलं घेऊ नका. कोणाला तरी शू लागतेच.

२. जागा आणि परवानगी

लेखी घ्या. मी पहिल्यांदा तोंडी विचारलं होतं, ‘हो हो, करा की’ असं उत्तर मिळालं होतं. शनिवारी मुलांना घेऊन गेले तर हॉलमध्ये बारशाची तयारी चाललेली, पाळण्याला फुलं लावताहेत. ती बैठक पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे झाली. अर्जात वार, वेळ, मुलांची संख्या आणि ‘पाण्याचा खेळ आहे, फरशी आम्ही पुसून देऊ’ हे वाक्य घाला. या वाक्याने अर्धे आक्षेप आधीच मिटतात.

बागेत करणार असाल तर सकाळी नऊच्या आत. मार्चनंतर साडेनऊचं ऊनही मुलांना सोसवत नाही.

३. एका दिवशी एकच वस्तू

सूर्य, झाडं, आईबाबा, जवान, शेतकरी असं सगळ्यांचं एका तासात ऋण मानायला गेलात तर मुलाच्या हाती काही लागत नाही. एक वस्तू घ्या, आणि ती मुलाने त्याच दिवशी हातात धरलेली किंवा खाल्लेली असावी. भाकरी. पाणी. चप्पल. शाळेची बस. मेथीची जुडी. आमच्याकडे सहा शनिवारी सहा वस्तू होतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. पुनरावृत्तीचा कंटाळा आपल्याला येतो, मुलांना अजिबात नाही.

४. गोष्ट उलटी सांगा

आपण सवयीने ‘शेतकऱ्याने पेरलं, पाऊस पडला, पीक आलं’ असं सुरुवातीपासून सांगतो. मुलासाठी मात्र सुरुवात ताटात असते. म्हणून ताटापासून मागे मागे जा. प्रत्येक थांब्याला एक आवाज आणि एक हालचाल द्या. मी रचलेली तांदळाच्या भाकरीची गोष्ट पूर्ण देते, तुम्ही हवी तशी वाकवा.

*चिंगीच्या ताटात आली भाकरी. पांढरीशुभ्र, गरम गरम. चिंगीने विचारलं, “भाकरी भाकरी, तुला कोणी आणलं?”*

*भाकरी म्हणाली, “मला नको विचारू, आजीच्या हातांना विचार.”* (सगळ्यांनी तळहातावर तळहात : थाप थाप थाप थाप.)

*हात म्हणाले, “आम्हाला नको विचारू, पिठाला विचार.” पीठ म्हणालं, “मला नको विचारू, गिरणीला विचार.”* (उभं राहून सगळं अंग थरथरवायचं : घर्र घर्र घर्र. इथे दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.)

*गिरणी म्हणाली, “मला नको विचारू, पोत्याला विचार.”* (शिवलेली तांदळाची पिशवी प्रत्येकाने पाठीवर घेऊन चार पावलं वाकून चालायचं.)

*पोतं म्हणालं, “झोडणीला विचार.”* (भाताच्या पेंढ्या आपटून दाणे पाडतात तशी, पंच्याची गुंडाळी करून जमिनीवर : धप्प! धप्प!)

*झोडणी म्हणाली, “लावणीला विचार.”* (वाकून, एक-एक रोप चिखलात खोचत, मागे मागे सरकायचं.)

*लावणी म्हणाली, “पावसाला विचार.”* (बोटांनी फरशीवर टपटप, मग धोधो.)

*पाऊस म्हणाला, “ढगाला विचार.” ढग म्हणाला, “समुद्राला विचार.” चिंगीने समुद्राला विचारलं. समुद्र काही बोललाच नाही. नुसता हसला. हुश्श्श…* (सगळे आडवे, डोळे मिटून श्वास सोडायचा.)

इथे गोष्ट संपते. तात्पर्य सांगू नका. मी सांगते की नाही याची वाट बघणारे पालक मागच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. एकदा एका आजोबांनी न राहवून स्वतःच सांगितलं, ‘म्हणून बाळांनो, ताटात टाकायचं नाही हं!’ आणि आडवी झालेली सगळी मुलं उठून बसली. जमलेली शांतता गेली ती गेलीच.

दोन बारकावे. लावणी मागे सरकत करतात हे शहरातल्या बऱ्याच मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं. पुढे गेलं तर लावलेलं रोप पायाखाली येईल. मुलांना उलटं चालायला मिळालं की ती खुलतात, पण तीन मिनिटांत ‘कंबर दुखते’ म्हणतात. तेव्हा थांबायचं नाही. “अजून एवढंसं शेत राहिलंय” म्हणून आणखी दहा रोपं लावून घ्यायची. कृतज्ञतेचा धडा असलाच तर त्या दहा रोपांत आहे.

दुसरं, कोणीतरी म्हणणारच, ‘तांदूळ शेतातून नाही येत, बाईकवाले काका आणतात.’ बरोबरच आहे त्याचं, त्याने तेच पाहिलंय. त्याला दुरुस्त करू नका. बाईकवाल्या काकांनाही साखळीत घ्या, हेल्मेट घालून जिना चढवा. आमच्याकडे पोतं आणि गिरणी यांच्या मधे आता कायमचे एक बाईकवाले काका आहेत.

ही गोष्ट मी एकदा करावे गावातल्या एका आजींना घेऊन केली. आमच्या बैठकीतल्या एका मुलाच्या त्या आजी. तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यांनी मुलांसमोर हातावर भाकरी थापली, पाण्याचा हात फिरवला, मुलं बघतच राहिली. मग लावणीचा खेळ चालू असताना त्या खिडकीतून बाहेर बघत सहज म्हणाल्या, “यो तुमचा टॉवर हाय ना, तिथं भातच हुता.” १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी आली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसलं, हे मी वाचलेलं होतं. पण मुलांनी ताबडतोब फरशीकडे पाहिलं. एकीने पाय उचलून घेतले. मी काही बोलले नाही, बोलायला सुचलंही नाही.

५. पाण्याचा खेळ : मोरबे ते माठ

सगळ्यात यशस्वी खेळ हाच, आणि सगळ्यात ओलाही. नवी मुंबईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी खालापूरजवळच्या मोरबे धरणातून येतं, भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि मग जलवाहिन्यांतून शहरात. एवढं तुम्हाला माहीत असलं की पुरे. मुलांना फक्त नावं सांगा, ‘मोरबे’ हा शब्द म्हणायला त्यांना मजा येते. ठाण्यात राहत असाल तर आपल्या पाण्याचा उगम आधी शोधून ठेवा.

मांडणी अशी :

अ. हॉलच्या एका टोकाला पाण्याचं घमेलं. हे मोरबे. त्यात साधारण तीन लिटर पाणी, वर थोडी झाडाची पानं टाकलेली.

आ. मधे दोन मुलं ओढणी ताणून उभी, खाली दुसरं घमेलं. हे भोकरपाडा. पानं इथे अडकतात. ओढणी धरण्याचं काम सगळ्यांना हवं असतं, पाळ्या लावा.

इ. तिथून पुढे मुलांची रांग. प्रत्येकाच्या हातात वाटी. शेजाऱ्याच्या वाटीतून आपल्या वाटीत पाणी घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं. ही पाइपलाइन.

ई. शेवटी माठ.

पहिल्या फेरीत निम्मं पाणी सांडतं. सांडू द्या, ओरडू नका, पण ते दाखवा. “तीन लिटर निघालं होतं. माठात किती आलं बघू?” दुसऱ्या फेरीत मुलं जिभा बाहेर काढून, श्वास रोखून वाट्या पुढे करतात. हॉलमध्ये इतकी शांतता मी एरवी कधी अनुभवलेली नाही.

मग माठात एक भांडं बुडवून विचारा, “हे पाणी कोणी आणलं?” सगळी ओरडतात, “मी!” ओरडू द्या. पुन्हा विचारा, “तुझ्या वाटीत कोणी ओतलं?” तेव्हा बोटं शेजाऱ्याकडे वळतात. एका शनिवारी साडेतीन वर्षांच्या एका मुलाने शेजारच्या मुलीकडे बघून, बोट दाखवायच्या ऐवजी, आपली वाटीच तिच्या हातात देऊन टाकली. आभाराचं भाषण त्या वयात याहून लांब होत नसतं.

धोका एकच, पण मोठा : ओली फरशी. मुलं अनवाणी असली तरी टाइल्सवर घसरतात. रांग बसवून करा, उभी नाही. फेरी संपली की तुम्ही नव्हे, मुलांनीच पंच्याने पुसायचं. ते पाणी नंतर कुंड्यांना.

६. हालचालीला कमी लेखू नका

‘एवढं नाचवून काय शिकतात?’ असं विचारणारे भेटतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी. तेव्हा मुलं आपल्या बैठकीत उड्या मारतात ती आपल्यावर मेहेरबानी.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. आपल्याकडे कृतज्ञता पहिल्यापासून अंगातच ठेवलेली आहे. वहीला पाय लागला की हात आपोआप कपाळाकडे जातो. पोळ्याला बैलाचे खांदे शेकतात. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात. खंडेनवमीला सुतार पटाशी पुसून ठेवतो, रिक्षावाला हँडलला झेंडूची माळ घालतो. यात ‘धन्यवाद’ हा शब्द कुठेच नाही. खरं तर घरात तो शब्द उपराच आहे. चहा दिल्यावर मुलगा ‘आभारी आहे’ म्हणाला तर आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघेल. म्हणून मुलांना शब्दाआधी हालचाल द्यायची, ही काही माझी नवी युक्ती नव्हे.

दोन छोटे खेळ, पाच मिनिटांचे :

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. थंडीपासून मेपर्यंत आपल्या खाडीत आणि नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर ते दिसतात. एका पायावर उभं राहायचं, मान वाकवून चिखलातलं खाणं टिपायचं. पडायला आलं की शेजाऱ्याचा खांदा धरायचा. ‘कोणी पडू दिलं नाही?’ एवढाच प्रश्न.

खारफुटी. मुलं एकमेकांच्या हातात हात गुंफून ओळीने उभी, पाय फाकून, बोटं जमिनीत रोवून. एक मोठं माणूस भरतीची लाट बनून पळत येतं. खारफुटीने लाट अडवायची. मागे सतरंजीवर एक बाहुली झोपलेली, ती भिजता कामा नये. हा खेळ संपवणं अवघड जातं, वेळ बघून घ्या.

७. शब्द द्यायचा तो आता

मुलांनी वजन उचललं, गोष्ट झाली, आता शब्द. ‘थँक्यू’ला माझा विरोध नाही, तो आता मराठीच झाला आहे. फक्त तो एकटा पाठवू नका. त्याच्या मागे ‘काय केलं’ आणि ‘मला काय झालं’ हे जोडा. ‘काका, तुम्ही छत्री धरलीत, मी भिजलो नाही.’ ‘आजी, तू फू केलंस, मला भाजलं नाही.’ ‘बरं झालं तू आलीस, मी एकटा होतो.’ हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. ‘बरं झालं’मध्ये आपल्या भाषेतले निम्मे आभार मावतात.

न बोलणाऱ्या मुलाला खुणेची मुभा द्या : हात हलवणं, नमस्कार, टाळी, नुसतं बघून हसणं. मिठी किंवा पापी मात्र कधीही सक्तीची नको, अगदी सख्ख्या आत्याला सुद्धा. ‘पाया पड’चंही तसंच. वेगवेगळ्या घरांतली मुलं असतात, ज्याच्या घरी जे करतात ते त्याने करावं. बैठकीची पूजा होऊ देऊ नका.

८. माणूस बोलवणार असाल तर

ही पायरी मी सगळ्यात वाईट केली होती. पहिल्या वर्षी ‘आपले मदतनीस’ म्हणून आमच्या विंगच्या सफाईताईंना बोलावलं. मुलांनी रंगवलेली कार्डं, पालकांचे मोबाइल वर, टाळ्या. ताई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पदर दोन्ही हातांत धरून. दहा मिनिटांत चारदा घड्याळाकडे पाहिलं त्यांनी. त्यांच्या दोन विंग अजून झाडायच्या होत्या. नंतर जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “म्याडम, कार्ड छान हाय. पण तेवढं डायपर कागदात गुंडाळून टाकायला सांगा ना सगळ्यांना.”

पुढच्या शनिवारी कार्डं नव्हती. बाहुलीचं डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचं, त्यावर लाल खूण करायची आणि वेगळं ठेवायचं, हे मुलांना शिकवलं. गुंडाळणं हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे, आणि चार वर्षांचं मूल घरी जाऊन बाबांना ‘लाल खूण कर’ म्हणून पिडतं तेव्हा सोसायटीच्या नोटिशीपेक्षा जास्त परिणाम होतो.

तेव्हा आता माझा नियम असा : माणसाला बोलवायच्या आधी त्याला एकट्याने विचारायचं, ‘मुलांनी तुमच्यासाठी काय केलं तर तुमचं काम हलकं होईल?’ वॉचमनकाका म्हणाले, सायकली रॅम्पवर टाकू नका. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, टोमॅटो दाबून बघू नका. तेच त्या शनिवारचं काम. माणूस यायला तयार नसेल तरी हे करता येतं. आणि आलाच तर बोलवायची वेळ त्याच्या सोयीची, मोबाइल सगळ्यांचे पिशवीत.

९. घरी काय करायचं

पालकांना लांबलचक गृहपाठ देऊ नका, होत नाही. आम्ही एकच देतो : रात्री दिवा मालवण्याआधी ‘आज तुला कोणाचा हात लागला?’ असा प्रश्न. कोणी वेणी घातली, कोणी घास भरवला, कोणी बसमध्ये चढवलं. मूल आठवतं, बोटं मोजतं. बहुतेकदा दोन बोटांवर झोपतं. आईबाबांनीही आपलं एक सांगायचं, आणि खरं सांगायचं. ‘आज लोकलमध्ये एका बाईने मला बसायला जागा दिली’ हे मुलाला नीट कळतं.

पालकांनी एकमेकांना काही म्हणायचं राहून जातं, हे मात्र मुलं बघत असतात. त्यावर मी जास्त बोलत नाही, मलाही घरी जायचं असतं.

फसगतीच्या जागा

- ‘त्या मुलाकडे बघ, त्याला चप्पलसुद्धा नाही!’ हे वाक्य कायमचं बंद. सिग्नलवरचं मूल हे आपल्या मुलाच्या धड्याचं साहित्य नाही. यातून कृतज्ञता येत नाही. येते ती भीती किंवा तोरा.
- ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू…’ हेही त्याच माळेतलं. हे बिल झालं.
- स्टार, स्टिकर, ‘आजचा आभारी बालक’. मी तीन आठवडे स्टिकर वाटले. चौथ्या आठवड्यात एका मुलीने मला सलग सहा वेळा थँक्यू म्हटलं आणि हात पुढे केला.
- गोष्ट मोबाइलवर दाखवणं. व्हिडिओत गिरणी छान दिसते, पण अंग थरथरत नाही.
- मूल रागात किंवा भुकेलं असताना धडा. आधी खायला द्या.
- मणी, चिंचोके, राजमा असं बारीक साहित्य तिनाच्या आतलं भावंड आलेलं असताना बाहेर काढणं. नाकात जातं. माझ्यादेखत गेलंय, चिंचोका होता, आणि पुढचा तास दवाखान्यात गेला.

वेळापत्रक, एका बैठकीचं

चाळीस मिनिटं, जास्त नाही. पहिली पाच डफाच्या ठेक्यावर चालणं : ठेका जलद की पाय जलद, ठेका थांबला की पुतळा. मग पाच मिनिटं वस्तू हाताळणं, वास घेणं. बारा मिनिटं गोष्ट, हालचालीसकट. दहा मिनिटं खेळ. पाच मिनिटं आडवं पडून समुद्र. उरलेल्या तीन मिनिटांत शब्द, ज्याला बोलायचं त्याने. पावसाळ्यात हॉल मिळाला नाही तर कोणाच्या तरी दिवाणखान्यात सहा मुलं घेऊन गोष्ट होते, पाण्याचा खेळ मात्र टाळा, खालच्या मजल्यावरून फोन येतो.

आवरणं या वेळेत धरलेलं नाही, त्याला वेगळी दहा मिनिटं ठेवा आणि पालकांना तसंच सांगा. वाट्या मुलांनी धुवायच्या, मोजायच्या. एक कमीच भरते, ती सतरंजीखाली असते. शेवटी हॉलची किल्ली वॉचमनकाकांना द्यायला दरवेळी दोन वेगळी मुलं घेऊन जा. किल्ली त्यांच्याच हातात द्या, जरा जड जुडगा असेल तर उत्तमच. गेल्या शनिवारी जी दोघं गेली त्यांनी जाताना काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, मी मागून ऐकत होते. गेटपाशी पोचल्यावर दोघंही विसरली. किल्ली देऊन तिथेच उभी राहिली. मग त्यातल्या एकाने काकांची टेबलावरून घरंगळत चाललेली पाण्याची बाटली पकडली, नीट उभी करून ठेवली, आणि दोघं पळत सुटली.